नदीचे आणि शिवाराचे मॉडेल जोडताना: दूधगंगा-वेदगंगा काठी शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, सदलगा, कागवाड या पट्ट्यातली इंजिनिअरिंगची मुले, ग्रामपंचायतीत काम करणारे काही तरुण आणि दोन-तीन जिद्दी शेतकरी यांच्याबरोबर आम्ही सुट्टीच्या दिवशी पुराचे संगणकीय मॉडेल शिकतो. दर नव्या तुकडीकडून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे इथे लिहून ठेवली आहेत. शास्त्र सगळीकडचे सारखेच. उदाहरणे आपल्या नद्यांची आहेत.

पुरासाठी दोन मॉडेल कशाला? एक पुरत नाही का?

जुलैच्या पहिल्या पावसात दूधगंगा आणि वेदगंगा पात्रातूनच वाहतात. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे बुटके बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी येते, तेव्हाही बहुतेक पाणी दोन काठांच्या आतच असते. त्याला एकच दिशा असते, वरून खाली. अशा पाण्याला वन-डी, म्हणजे एका मितीचे मॉडेल पुरते.

काठ ओलांडला की सगळे बदलते. पाणी मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतजमिनीत, शिरते, पाणंदीतून उलटे गावाकडे येते, ओढ्याच्या तोंडातून मागे सरकते आणि रस्त्याच्या भरावाला टेकून दोन-दोन दिवस उभे राहते. तिथे 'खाली' कुठे हे आधी सांगताच येत नाही. त्यासाठी टू-डी मॉडेल लागते. ते शिवाराचे हजारो चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातून पाणी कोणत्या शेजाऱ्याकडे जाईल हे मोजते.

पात्रासाठी वन-डी, शिवारासाठी टू-डी आणि दोघांमध्ये जोड, असा हा अभ्यास आहे. पुराचे नशीब त्या जोडावर ठरते, आणि जोड म्हणजे नदीचा काठ. नदीचे मॉडेल उत्तम असेल, शिवाराचेही उत्तम असेल, तरी काठाची उंची अर्धा मीटर चुकली तर गाव बुडण्याची वेळ अर्धा दिवस मागेपुढे होते. या पानावरची बहुतेक उत्तरे फिरून काठावरच येतात, ती त्यामुळेच.

सगळेच टू-डी का करू नये?

करता येते, आणि लहान तुकड्यासाठी मीही तसेच सुचवतो. अडचण नदीच्या तळाची आहे. उपग्रहाला पाण्याखालचे पात्र दिसत नाही, तो पाण्याचा पृष्ठभागच जमीन समजतो. पात्राची खरी खोली आडव्या छेदांतून मिळते, आणि छेद वन-डी मॉडेलला जसेच्या तसे देता येतात. शिवाय साठ-सत्तर मीटर रुंदीचे पात्र टू-डीमध्ये नीट उमटवायचे तर चौकोन फार बारीक करावे लागतात आणि संगणक रात्रभर चालतो.

गणित किती लागते?

बारावीचे गणित आणि चिकाटी एवढे पुरते. मुळाशी दोनच गोष्टी आहेत: पाणी नाहीसे होत नाही, आणि पाण्याला ढकलणारे बल व अडवणारे घर्षण यांचा तोल असतो. फ्रान्सच्या सॅं-व्हनॉं यांनी ही समीकरणे १८७१ मध्ये मांडली. घर्षणासाठी आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंग यांचे सूत्र १८८९ पासून चालत आले आहे. समीकरणे सोडवण्याचे काम संगणकाचे. आपण ती कुठे खरी ठरतात आणि कुठे नाहीत एवढे ओळखायला शिकायचे.

जोड म्हणजे नेमके काय? संगणक तिथे काय करतो?

काठ ही एक लांबलचक सांडभिंत आहे असे संगणक मानतो. वेळेच्या प्रत्येक पायरीला तो तीन आकडे पाहतो: नदीतली पाण्याची पातळी, शेतातली पातळी आणि काठाची उंची. नदी काठाच्या वर असेल आणि शेत खाली, तर पाणी बाहेर जाते. पूर ओसरताना शेत उंच आणि नदी खाली असेल, तर तेच पाणी परत येते. किती जाते याचे सूत्र असे:

विसर्ग = गुणांक × काठाची लांबी × काठावरच्या पाण्याच्या उंचीचा दीड घात

एक हिशेब करून पाहा. २०० मीटर लांबीचा काठ आहे, त्यावरून अर्धा मीटर पाणी चालले आहे. अर्ध्याचा दीड घात ०.३५. जमीन काठापासून सपाट पसरली असेल तर गुणांक ०.२ धरू. विसर्ग येतो १४ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण ५०० क्युसेक. आता तिथेच चांगला उंच बांध आहे असे समजून गुणांक १.१ धरला तर उत्तर ७८ घनमीटर, म्हणजे २,७५० क्युसेक. काठ तोच, पाणी तेच, उत्तर साडेपाचपट.

सहा तासांत पहिल्या हिशेबाने ५० हेक्टर मळीवर सुमारे ६० सेंटीमीटर पाणी येते. दुसऱ्या हिशेबाने तीन मीटरांहून जास्त यायला हवे. प्रत्यक्षात तेवढे चढण्याआधीच शेत आणि नदी एका पातळीला येतील. म्हणजे दुसऱ्या मॉडेलमध्ये मळी पहिल्या दोन-अडीच तासांतच भरून जाईल. गुरे सोडायला किती वेळ मिळणार हा प्रश्न या एका गुणांकात दडलेला आहे.

हेक-रास या आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत हे आकडे जमिनीच्या प्रकाराप्रमाणे दिले आहेत. साधारण एक मीटर किंवा जास्त उंचीचा बांध किंवा रस्ता असेल तर ०.८३ ते १.४३, त्याहून बुटका बांध ०.५५ ते १.१, नैसर्गिक उंचवटा ०.२८ ते ०.५५, काठाला उंचवटाच नसेल तर ०.११ ते ०.२८. नवशिके सॉफ्टवेअरने आधीच भरलेला आकडा तसाच ठेवतात. दूधगंगेच्या काठाला बांध फार थोड्या ठिकाणी आहे. बाकी सगळीकडे जमीन हळूहळू उतरत जाते, तिथे लहान गुणांकच हवा.

जोड एकाच प्रकारचा असतो का?

नाही. वर सांगितला तो बाजूचा जोड. दुसरा टोकाचा: ओढ्याचे वन-डी मॉडेल संपते आणि त्याचे सगळे पाणी टू-डी शिवारात उतरते. तिसरा बांधकामाचा: मोरी, पूल, दरवाजे. बाजूच्या जोडाची मर्यादा लक्षात ठेवा: तो पाण्याचे प्रमाण पलीकडे नेतो, पाण्याचा जोर नेत नाही. मळी रुंद आणि पाणी संथ असेल तर याने बिघडत नाही. पण नदीच्या तीव्र वळणावर पाणी सरळ धाव घेत शेतात घुसते, तो जोर या सूत्राला कळत नाही. तेवढा तुकडा पात्रासकट टू-डीमध्ये घ्यावा.

काठाची उंची कुठून आणायची?

या प्रश्नावर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा.

फुकट मिळणारे उंचीचे नकाशे तीन-चार आहेत. एसआरटीएम हा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून मोजलेला, ३० मीटरच्या चौकोनांचा. इस्रोच्या कार्टोसॅट-१ वरून केलेला कार्टोडेम भुवन संकेतस्थळावर मिळतो. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ३० मीटरचा नकाशा २०११ ते २०१५ मधल्या रडार मोजणीवरून केलेला आहे. त्यातूनच झाडे-इमारती वजा करून ब्रिस्टल विद्यापीठाने फॅबडेम तयार केला. सुरुवातीला फॅबडेम घ्या, असे मी सांगतो.

पण यातल्या एकालाही आपली पाणंद दिसत नाही. पाणंद तीन-चार मीटर रुंद, दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा हातभर ते पुरुषभर खोल. वर्षानुवर्षे बैलगाड्यांनी आणि पावसाने ती खचलेली असते. नदीला उतरणारी अशी पाणंद असेल तर पाणी काठ चढायची वाट बघत नाही, पाणंदीने गावाच्या वेशीपर्यंत येते. ३० मीटरच्या चौकोनात ती शेताच्या सरासरीत बुडून जाते. विटांसाठी माती काढलेले खड्डे, जॅकवेलसाठी फोडलेला काठ, ओढ्याचे तोंड यांचेही तसेच. शिवाय एसआरटीएमचे रडार फेब्रुवारीत फिरले, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम सुरू असताना. जिथे तोड झाली तिथे जमीन मोजली गेली, जिथे ऊस उभा होता तिथे बहुधा उसाचे शेंडे. शेजारच्या दोन शेतांत दोन मीटरांची खोटी पायरी दिसली तर गोंधळून जाऊ नका.

म्हणून काठ चालावा लागतो. आमचे पहिले मॉडेल मी घरी बसून केले होते. त्यात पाणी आमच्या आजोळच्या गावात उत्तरेकडून, सरळ नदीवरून शिरत होते. नकाशा आजीला दाखवला. ती म्हणाली, "पाणी कधीच तिकडनं येत नाही रे, आधी ओढ्याकडनं येतंय, मसणवट्याच्या अंगानं." २००५ ला तसेच, २०१९ ला तसेच. दुसऱ्या दिवशी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन गेलो. ओढ्याच्या तोंडाजवळचा काठ नकाशापेक्षा १.४ मीटर खाली निघाला. तेवढा एक आकडा बदलल्यावर पाणी आजीने सांगितले त्याच वाटेने आले.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे. काठाने चालायचे, दर पन्नास मीटरला आणि प्रत्येक खचक्याला उंची घ्यायची, आणि त्या शेतकऱ्याला विचारायचे, "पहिलं पाणी कुठनं येतं?" मोबाइलच्या जीपीएसवर उंची घेऊ नका; काठासाठी ती निरुपयोगी आहे. डम्पी लेव्हल किंवा डीजीपीएस लागतो. कॉलेजच्या सर्व्हे विभागाकडून दोन दिवसांसाठी मागून घेता येतो.

उंचीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काय चुकते?

बहुतेक वेळा शून्य चुकते. डीजीपीएस जी उंची देतो ती गणिती लंबगोलापासूनची असते. आपल्या भागात ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत साठ मीटरांहून जास्त फरक आहे. एसआरटीएम आणि कोपर्निकस यांचे आधारही थोडे वेगळे आहेत.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. वरून येणारे आकडे महाराष्ट्राच्या पद्धतीने फुटांत येतात: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे फूट त्या-त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. खालचे अलमट्टीचे आकडे मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये येतात. दोन्ही एका मॉडेलमध्ये घालण्याआधी प्रत्येक मोजपट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते लेखी मिळवा.

क्युसेक, क्युमेक, टीएमसी यांत गोंधळ होतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट साठा. एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक. एक लाख क्युसेक म्हणजे सुमारे २,८३२ क्युमेक. एक लाख क्युसेक सलग एक दिवस वाहिले तर ८.६४ टीएमसी पाणी होते. हिडकल धरणाची क्षमता ५१ टीएमसी, कोयनेची १०५, अलमट्टीची १२३, यांच्याशी ताडून पाहिले की बातमीतला आकडा केवढा मोठा आहे हे लगेच समजते.

ऊस उभा असताना घर्षण किती धरायचे?

मॅनिंगचा आकडा स्वच्छ पात्राला ०.०३ च्या आसपास असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांत उभ्या पिकांना ०.०३ ते ०.०५ दिलेले आहे, पण ती गव्हासारखी पिके. ऑगस्टमधला आडसाली ऊस पुरुषापेक्षा उंच आणि दाट असतो. त्याची तुलना झुडपांच्या रानाशी करायला हवी, आणि त्याला ०.०७ ते ०.१६ असे आकडे दिले जातात. मी उसाला ०.१० पासून सुरुवात करतो, आणि खुणांशी जुळवताना वर-खाली करतो.

सरीची दिशाही पाहा. सरी प्रवाहाच्या दिशेने असेल तर पाणी सरीतून वाट काढते; आडवी असेल तर ऊस भिंतीसारखा उभा राहतो. सोयाबीन आणि भुईमुगाच्या शेताला उसाचा आकडा लावू नका. एका गावाच्या शिवारात पिकांप्रमाणे तीन-चार पट्टे केले तरी चित्र बरेच सुधारते.

महामार्गाचा भराव मॉडेलमध्ये कसा घ्यायचा?

यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्याने पुणे-बंगळूर महामार्ग २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये बंद पडला, हे सगळ्यांनी पाहिले आहे. नदी ओलांडणारा भराव पाण्याच्या दृष्टीने आडवा बांधच असतो. पाणी पुलाखालून आणि मोऱ्यांतून जाते, बाकीचे वरच्या अंगाला चढत राहते.

टू-डी जाळीत चौकोनाची कड रस्त्याच्या माथ्यावरून जायला हवी. नाही तर रस्ता चौकोनाच्या मधोमध पडतो आणि पाणी भिंतीतून झिरपल्यासारखे पलीकडे जाते. हेक-रासमध्ये यासाठी ब्रेकलाइन ओढतात. मग प्रत्येक मोरी वेगळी घाला: रुंदी, उंची, तळाची पातळी. मोऱ्या मोजायला स्वतः जा. कागदावर दोन मीटरची असलेली मोरी गाळाने आणि काट्याकुट्याने निम्मी बुजलेली असते, आणि पुरात उपयोगी पडते ती उरलेली निम्मीच. मॉडेल दोनदा चालवा, एकदा मोकळ्या मोऱ्यांनी, एकदा निम्म्या बुजलेल्या. वरच्या अंगाच्या पातळीत जो फरक येतो तो कागदावर लिहून ग्रामपंचायतीला द्या. भरावाच्या जागी खांबांवरचा पूल हवा अशी मागणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात हा आकडा असायला हवा, नुसती तक्रार पुरत नाही.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे?

पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतील तर फक्त खांबांचा अडथळा घ्या. बरगे राहिले असतील किंवा ओंडके अडकले असतील तर तशी वेगळी फेरी चालवा. मोठ्या पुरात बंधारा पूर्ण बुडतो, वरची आणि खालची पातळी जवळजवळ एक होते, आणि त्याचा परिणाम कमी होतो.

खालची सीमा कुठे ठेवायची? अलमट्टीचा फुगवटा कसा तपासायचा?

प्रत्येक मॉडेलला शेवटच्या टोकाला पाण्याची पातळी सांगावी लागते. ती चुकीची असेल तर चूक वरच्या दिशेला पसरते आणि हळूहळू शमते. किती अंतरात शमते याचा ठोकताळा आहे: ०.७ गुणिले पाण्याची खोली, भागिले नदीचा उतार. समजा खोली १० मीटर आणि उतार पाच हजारांत एक, तर उत्तर येते ३५ किलोमीटर. म्हणजे सदलग्याचा अभ्यास करायचा आणि सीमा कल्लोळच्या संगमावर ठेवायची, हे चालणार नाही. दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा चढली की दूधगंगेचे पाणी तुंबते. कृष्णेचा पट्टा राजापूर बंधाऱ्यापासून यडूर, मांजरी, अंकलीवरून खाली उगार-कुडचीच्या पुढेपर्यंत मॉडेलमध्ये घ्यायलाच हवा.

आता अलमट्टी. त्याच्या फुगवट्याने वरची गावे बुडतात का, या विषयावर सीमेच्या दोन्ही बाजूंना मने दुखावलेली आहेत, आणि माझ्याही घरात त्यावर एकमत नाही. धरणाची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात सांगली-कोल्हापूरच्या त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचे म्हटले. काठावरच्या पुष्कळ लोकांना ते पटलेले नाही.

शिकणाऱ्याने कोणाचीही बाजू घेऊन मॉडेल मांडू नये. नदीतले पाणी तेवढेच ठेवा आणि खालची पातळी तीन-चार वेगवेगळी घेऊन मॉडेल पुन्हा चालवा: ५१७, ५१९.६०, ५२४.२५६. मधले हिप्परगी बॅरेज आणि कुडचीचे पूल विसरू नका, त्यांचाही आपापला फुगवटा असतो. मग प्रत्येक गावापाशी पातळी किती सेंटीमीटर बदलली आणि पाणी उतरायला किती तास जास्त लागले, हे दोन्ही पाहा. आमच्याकडे लोक पाण्याच्या उंचीइतकेच त्याच्या मुक्कामाबद्दल बोलतात. दोन दिवस बुडालेला ऊस सावरतो, आठवडाभर शेंडा पाण्याखाली राहिलेला कुजतो. नुसत्या सर्वोच्च पातळीवर वाद घातला तर शेतकऱ्याचे निम्मे दुखणे मोजायचेच राहते.

मॉडेल मध्येच फुटते. पाण्याची पातळी वेडीवाकडी उड्या मारते.

आधी वेळेची पायरी लहान करा. एका पायरीत पाण्याची लाट एका चौकोनाहून पुढे जाऊ नये, हा मूळ नियम. चौकोन २० मीटरचा, पाण्याची खोली ५ मीटर, तर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर; प्रवाहाचा वेग २ मीटर धरला तर एकूण ९. म्हणजे पायरी दोन सेकंदांच्या आसपास हवी. काही सॉफ्टवेअर याहून मोठी पायरी सोसतात, पण जोडाजवळ ती सोसवत नाही.

जोडावरचा खास आजार वेगळा आहे. नदी आणि शेत एका पातळीला आले की संगणक एका पायरीला पाणी बाहेर ढकलतो, पुढच्या पायरीला परत ओढतो, आणि आलेख करवतीसारखा दिसतो. सपाट काठाला मोठा गुणांक दिला की हे हमखास होते. गुणांक कमी करा, पायरी निम्मी करा, एक लांब जोड दोन-तीन तुकड्यांत विभागा.

पाण्याचा हिशेब जुळत नाही. जास्तीचे पाणी कुठून आले?

बहुधा एकच जागा दोनदा मोजली आहे. नदीचे छेद सर्व्हेत शेतापर्यंत लांब घेतलेले असतात. तसेच वापरले आणि त्यावर टू-डी जाळीही पसरली, तर तीच मळी दोन्ही मॉडेलमध्ये भरते. छेद काठावर कापा आणि जाळीची कड त्याच काठावर आणा, मध्ये फट नको आणि एकावर एक चढलेला भागही नको. आत आलेले, बाहेर गेलेले आणि साठलेले पाणी यांचा ताळा प्रत्येक फेरीनंतर पाहा. चूक एक टक्क्याहून जास्त दिसली तर पुढचा नकाशा कोणालाही दाखवू नका.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

हेक-रास. अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाचे आहे, फुकट आहे, १९९५ पासून आहे, आणि २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून वन-डी आणि टू-डी त्यात एकत्रच जोडता येतात. डेन्मार्कच्या डीएचआयचे माईक-फ्लड उत्तम आहे, पण परवाना महाग आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस पुरते. साधा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी असलेला लॅपटॉप एका गावाच्या मॉडेलला चालतो.

दोन वेगवेगळ्या संस्थांची मॉडेल जोडायची असतील तर?

सर्वांत सोपे एकेरी जोडणे: नदीचे मॉडेल पूर्ण चालवा, काठावरून बाहेर गेलेल्या पाण्याची फाइल काढा आणि ती शिवाराच्या मॉडेलला द्या. यात शेतातले पाणी नदीला परत येत नाही, म्हणून ओसरता पूर चुकतो. आपल्या सपाट खोऱ्यात ही चूक मोठी असते.

दुहेरी जोडायचे तर दोन्ही मॉडेल पायरी-पायरीने बरोबर चालली पाहिजेत. त्यासाठी युरोपात ओपनएमआय आणि अमेरिकेत बीएमआय अशी मानके तयार झाली. बीएमआयची कल्पना सोपी आहे: प्रत्येक मॉडेलने बाहेरून मिळणाऱ्या थोड्या आज्ञा पाळायच्या, सुरू हो, एक पायरी पुढे जा, हा आकडा दे, हा आकडा घे, थांब. मग पायथनमध्ये चाळीस-पन्नास ओळींचा कार्यक्रम दोघांना हाताशी धरून चालवतो. शिकण्यासाठी मी हा व्यायाम सगळ्यांकडून करून घेतो: एक सरळ पात्र, एक चौकोनी शेत, मध्ये काठाचे सूत्र. स्वतःच्या हाताने पाणी इकडून तिकडे वजा-बेरीज केले की मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात काय चालते ते कायमचे समजते.

माहिती कुठे मिळते?

कृष्णेवर कुरुंदवाड आणि दूधगंगेवर सदलगा इथे केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे आहेत. पातळी आणि विसर्गाचे आकडे इंडिया-डब्ल्यूआरआयएस संकेतस्थळावर मिळतात. वरून काळम्मावाडी आणि पाटगाव धरणांचे विसर्ग, राजापूर बंधाऱ्याचे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात. ते त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा, नंतर शोधताना दमछाक होते. पावसासाठी कर्नाटकाचे राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र आहे. राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र बेळगावातच आहे, आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठही. कार्यालयात कन्नडमध्ये अर्ज द्या. येत नसेल तर येणाऱ्या मित्राला बरोबर न्या. गावांची नावे दोन्ही भाषांत आणि सर्व्हे नंबरांसह लिहा, म्हणजे नकाशात घोळ होत नाही.

उत्तर बरोबर आले हे कसे ओळखायचे?

एका पुरावर जुळवायचे, दुसऱ्या पुरावर तपासायचे. आम्ही ऑगस्ट २०१९ वर आकडे बसवतो आणि मग काहीही न बदलता जुलै २०२१ चालवतो. दुसऱ्या पुरात नापास झाले तर पहिल्याचे जुळणे योगायोगाचे होते.

खुणा भिंतींवर आहेत. देवळाच्या खांबावर, शाळेच्या व्हरांड्यात, ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. तिची उंची लेव्हलने घ्या. घरमालकाला ती रेघ पुसायच्या आधी फोटो काढू द्या अशी विनंती करा. सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार ढगातून पाहते, त्यामुळे भर पावसातले पुराचे चित्र मिळते, पण ठराविक दिवसांनीच, म्हणून शिखराचा दिवस हुकू शकतो. आणि उभ्या उसाखालचे पाणी त्या रडारला नीट दिसत नाही. उपग्रहाच्या नकाशात कोरडे दिसते म्हणून आपल्या मॉडेलने खोटे पाणी दाखवले असे ठरवू नका. त्या शेताच्या मालकाला विचारा.

बेळगाव शहरातला बळ्ळारी नाला याच पद्धतीने करता येईल का?

तत्त्व तेच: नाला वन-डी, वडगाव-शहापूर बाजूची भातशेती टू-डी. फरक असा की शहराच्या गटारांचे पाणीही त्यात येते, म्हणून तिसरे मॉडेल जोडावे लागते. त्यासाठी फुकट मिळणारे स्वम (SWMM) हे गटारांचे सॉफ्टवेअर वापरतात. नाल्यात गाळ आणि जलपर्णी किती आहे ते दर जूनमध्ये नव्याने पाहावे लागते. नदीकाठचा सराव झाल्याशिवाय याकडे वळू नका.

एका गावाचे मॉडेल करायला किती दिवस लागतात?

काठ चालायला आणि मोऱ्या मोजायला चार-पाच दिवस, तेही मार्च ते मे या काळात, पाणी खाली असताना. छेद आणि जाळी मांडायला दोन आठवडे. जुळवायला एक महिना धरा. यंदा कारदगा ते सदलगा एवढाच पट्टा घेतला आहे. ज्यांना काठ चालायला यायचे आहे त्यांनी टोपी, पाण्याची बाटली आणि वही आणावी. सकाळी सातला भोजच्या संगमावरून निघतो.